उघड्यावरचा ब्लूज आणि विजेची तार

'मडी वॉटर्स अ‍ॅट न्यूपोर्ट १९६०' या ध्वनिमुद्रिकेच्या वेष्टनावरील छायाचित्रात मडी वॉटर्सच्या हातात जी गिटार दिसते ती त्याची नाही. ती त्याचा समकालीन गायक जॉन ली हूकर याची. अर्धपोकळ, लाकडी अंगाची, जुन्या वळणाची. त्या दुपारी मंचावर मडीने प्रत्यक्षात वाजवली ती त्याची स्वतःची टेलिकास्टर. म्हणजे भरीव फळीची, विजेशिवाय जवळजवळ मुकी असणारी गिटार. छायाचित्र घेताना मित्राची गिटार हाताशी होती, एवढेच त्यामागचे कारण असू शकेल. तरीही ब्लूजच्या मैदानी मैफलींचा इतिहास वाचू लागले की हे वेष्टन पुन्हा पुन्हा आठवत राहते. कारण या इतिहासात श्रोत्याला दिसावेसे वाटणारे वाद्य एक आणि कलावंताच्या हातातले वाद्य दुसरे, असे अनेकदा घडलेले आहे.

उघड्यावरच्या ब्लूजविषयी आपल्या मनात एक ठरीव चित्र असते. मिसिसिपीच्या काठचा कापसाचा प्रदेश, झोपडीचा ओटा, एखादे झाड, त्याखाली बसलेला वृद्ध कृष्णवर्णीय गायक आणि त्याची लाकडी गिटार. या चित्रात वीज नसते. वीज म्हणजे शहर, बाजार, भ्रष्टता. आणि झाडाखालचे ते लाकूड म्हणजे निसर्ग, अस्सलपणा, अशी विभागणी आपण नकळत करून टाकतो. प्रस्तुत लेखात मांडायचे आहे ते असे, की ही विभागणी इतिहासाच्या कसोटीवर उतरत नाही. ब्लूजच्या गिटारीला विजेची तार जोडली गेली त्यामागे मोकळ्या आभाळाखालचा रस्ता हे एक मोठे कारण होते. आणि ज्या मैदानांवर 'शुद्ध' लाकडी गिटारीचा जयजयकार झाला, तिथे ती ऐकू आली तीही विजेमुळेच.

आधी ध्वनीचा साधा हिशेब पाहू. बंद खोलीत भिंती, छत आणि जमीन आवाज परत पाठवतात, त्यामुळे बारीक स्वरही भरून राहतो. उघड्यावर आवाज जातो तो परत येत नाही. अंतर दुप्पट झाले की ध्वनीचा दाब निम्म्यावर येतो. बोटांनी छेडलेली लाकडी गिटार मोकळ्यावर दहावीस माणसांच्या घोळक्यापलीकडे नीट पोचत नाही. त्यात गाड्यांचा आणि विक्रेत्यांचा कोलाहल असेल तर तेवढ्यातही नाही. ही अडचण ब्लूज गाणाऱ्यांना पूर्वीपासून ठाऊक होती. १९२७ साली नॅशनल कंपनीने धातूच्या तबकड्या बसवलेली मोठ्या आवाजाची गिटार बाजारात आणली आणि दक्षिणेतल्या अनेक फिरत्या गायकांनी ती उचलली. सन हाउसची पत्र्याच्या अंगाची गिटार याच जातीची. आज आपल्याला ती पुरातन वाटते. तिच्या काळात ती आवाज वाढवण्याची नवी युक्ती होती.

मडी वॉटर्सचे, म्हणजे मॅकिन्ली मॉर्गनफील्डचे, चरित्र हाच हिशेब पुढे नेते. ऑगस्ट १९४१ मध्ये अ‍ॅलन लोमॅक्स आणि फिस्क विद्यापीठातील जॉन वर्क हे दोघे अमेरिकी काँग्रेसच्या ग्रंथालयासाठी लोकसंगीताचे मुद्रण करत क्लार्क्सडेलजवळच्या स्टोव्हॉल मळ्यावर आले, तेव्हा मडी तिथे शेतमजुरी करत होता आणि शनिवारच्या रात्री गात होता. १९४३ साली तो शिकागोला गेला. त्या वर्षांत दक्षिणेतली लक्षावधी कृष्णवर्णीय कुटुंबे बटाईची शेती, कर्ज आणि वर्णभेदाचे कायदे मागे टाकून उत्तरेच्या कारखान्यांकडे निघाली होती. १९४४ च्या सुमारास मडीच्या हाती विजेवरची गिटार आली. शिकागोच्या गुत्त्यांतल्या गोंगाटात लाकडी गिटार ऐकू येणे शक्यच नव्हते. गरज निर्माण झाली आणि वाद्य बदलले.

पण गुत्ता म्हणजे चार भिंती. खरी कसोटी होती ती रस्त्यावर, मॅक्सवेल स्ट्रीटवर. शिकागोच्या पश्चिम भागातला हा बाजार मुळात पूर्व युरोपातून आलेल्या ज्यू विस्थापितांनी उभा केला. पुढे दक्षिणेतून आलेल्या कृष्णवर्णीयांचीही तिथे वर्दळ वाढली. रविवारी गर्दी उसळे. कपडे, भांडी, जुनी हत्यारे, कोंबड्या, तळलेले मांस, आणि याच पसाऱ्यात वादकांची टोळकी. शेजारच्या दुकानातून किंवा एखाद्या घराच्या खिडकीतून विजेची लांब तार ओढून आणायची, लहानसा अ‍ॅम्प्लिफायर पदपथावर ठेवायचा आणि सुरुवात करायची. वीज देणाऱ्यालाही त्यात रस असे. वाजवणाऱ्याभोवती गर्दी जमली की दुकानापुढेही जमे. तिथल्याच एका रेडिओच्या दुकानाचे मालक बर्नार्ड अ‍ॅब्रम्स यांनी १९४७ मध्ये तरुण लिट्ल वॉल्टरचे मुद्रण केले, ते पुढे शिकागो ब्लूजच्या आरंभीच्या नोंदींपैकी एक ठरले.

मॅक्सवेल स्ट्रीटवरची मैफल कशी होती? श्रोता उभा, हातात पिशवी, घाईत. त्याला थांबवायचे तर आवाज हवा आणि पाय हलवणारा ताल हवा. आवडले तर नाणे पडेल, नाही तर तो पुढच्या फळीकडे जाईल. तिथे निवेदक नव्हता, तिकीट नव्हते आणि कलावंत किती अस्सल आहे हे विचारणारेही सहसा कोणी नव्हते. गाणारा आणि ऐकणारा एकाच गावाहून, कधी एकाच मळ्यावरून आलेले असत. १९६४ साली माइक शे यांनी या बाजारावर 'अँड धिस इज फ्री' हा अनुबोधपट चित्रित केला. रॉबर्ट नाइटहॉकची त्या वेळची मुद्रणे ऐकली तर नळी तारेवरून सरकताना उमटणाऱ्या स्वराभोवती सगळा रस्ता ऐकू येतो: हाका, टाळ्या, मधूनच कोणाचे तरी ओरडणे. ग्रामीण ब्लूज आणि विजेचा ब्लूज यांच्यात जे अंतर समीक्षक पाहतात, ते या रस्त्यावर जवळपास नाहीसे होते. वाजवण्याची रीत मिसिसिपीची, तार शिकागोची.

आता या रस्त्यावरून एकदम वेगळ्या मैदानावर जावे लागते. ऱ्होड आयलंड राज्यातले न्यूपोर्ट हे धनिकांच्या उन्हाळी प्रासादांचे समुद्रकाठचे गाव. तिथे १९५४ पासून जाझ महोत्सव भरत असे. १९६० च्या महोत्सवात शनिवारी, २ जुलैला, आत प्रवेश न मिळालेल्या आणि मद्याच्या अमलाखाली असलेल्या हजारो तरुणांनी दंगल केली. बहुतांशी गोरे विद्यार्थी. अश्रुधूर सोडावा लागला, नॅशनल गार्डला बोलवावे लागले आणि नगरपरिषदेने पुढचा महोत्सव रद्द केला. रविवारी दुपारचा ब्लूजचा कार्यक्रम तेवढा होऊ दिला गेला. त्याचे निवेदन कवी लँग्स्टन ह्यूज करत होते. महोत्सवाच्या संचालक मंडळावरही ते होते. आता न्यूपोर्टचा अध्याय संपला या समजुतीने त्यांनी तारेच्या कोऱ्या कागदांवर एक निरोपाचे गाणे तिथल्या तिथे लिहिले, आणि मडीचा पियानोवादक ओटिस स्पॅन याने ते शेवटी गायले.

मराठी वाचकाला ह्यूज अनोळखी नाहीत. जनार्दन वाघमारे यांनी अमेरिकन कृष्णवर्णीयांच्या साहित्याचा मराठीतून परिचय करून दिला आणि १९७२ मध्ये मुंबईत स्थापन झालेल्या दलित पँथरने आपले नावच ब्लॅक पँथरवरून घेतले, तेव्हापासून या साहित्याकडे आपल्याकडे वेगळ्या आस्थेने पाहिले गेले. १९२६ साली 'द वेअरी ब्लूज' हा आपला पहिला संग्रह प्रसिद्ध करणाऱ्या या कवीने ब्लूजच्या तीन ओळींच्या कडव्याला छापील कवितेत प्रतिष्ठा मिळवून दिली. पहिली ओळ, तिचीच पुनरुक्ती आणि मग उत्तरादाखल तिसरी, अशी या कडव्याची घडण. न्यूपोर्टच्या त्या दुपारी मात्र प्रवास उलटा झाला. कागदावर उतरलेले शब्द तासाभरात गळ्यात गेले. दंगल गोऱ्या मुलांनी केली होती आणि तिचा शोक ब्लूजने व्यक्त करायचा होता, हा त्यातला उपरोध ह्यूज यांच्यासारख्या कवीच्या नजरेतून सुटला असेल असे वाटत नाही.

मडीने त्या दुपारी जे वाजवले ते रस्त्यावरच्या आणि गुत्त्यातल्या ब्लूजचेच पूर्ण रूप होते: गिटार, हार्मोनिका, पियानो, ढोल, सगळे एकत्र. श्रोते मात्र वेगळे होते. खुर्च्यांवर बसलेले, बहुतांशी गोरे, आणि जाझचा 'पूर्वज' ऐकायला आलेले. इथून मैदानी मैफलीचा एक नवा प्रकार सुरू झाला, ज्यात ऐकणाऱ्याकडे आधीपासूनच इतिहासाचे एक पुस्तक तयार होते आणि कलावंताने त्यातल्या योग्य पानावर बसावे अशी अपेक्षा होती.

ही अपेक्षा सर्वांत ठळक दिसते ती न्यूपोर्टच्याच लोकसंगीत महोत्सवात. १९६३ मध्ये तो ना-नफा तत्त्वावर नव्याने उभा राहिला. नामवंत असो वा अनोळखी, प्रत्येक कलावंताला प्रवास आणि निवासाखेरीज सारखेच पन्नास डॉलर, असा नियम ठरला. त्या वर्षी तिथे मिसिसिपी जॉन हर्ट आला. त्याने १९२८ मध्ये ओके कंपनीसाठी काही गाणी मुद्रित केली होती. मंदीच्या लाटेत तो धंदा बुडाला आणि हर्ट पस्तीस वर्षे शेतात राबत राहिला. 'अ‍ॅव्हलॉन ब्लूज' या त्याच्या जुन्या गाण्यातल्या गावाच्या नावावरून टॉम हॉस्किन्सने १९६३ मध्ये त्याला शोधून काढले. १९६४ च्या जूनमध्ये जॉन फेही आणि त्याच्या दोन मित्रांना स्किप जेम्स मिसिसिपीतल्या ट्युनिका इथल्या इस्पितळात सापडला. पुढच्याच महिन्यात तो न्यूपोर्टच्या मंचावर होता. त्याच जूनमध्ये सन हाउसचाही पत्ता लागला, पण दक्षिणेत नव्हे, तर न्यूयॉर्क राज्यातल्या रोचेस्टर शहरात. त्याच्याकडे गिटारसुद्धा उरली नव्हती. त्याची स्वतःचीच गाणी त्याला पुन्हा आठवून देण्याचे काम अ‍ॅलन विल्सन या तरुण गोऱ्या अभ्यासकाने केले.

या पुनर्शोधाची थोरवी कमी लेखण्याचे कारण नाही. हर्टला आयुष्याची शेवटची तीन वर्षे मानाची मिळाली. स्किप जेम्सचा उंच, थंड स्वर आपल्यापर्यंत पोचला. मात्र त्या मैदानावर नेमके काय घडत होते हे पाहिले पाहिजे. ज्याचा आवाज एका खोलीपुरता होता असा एक हळुवार गायक हजारोंच्या समुदायापुढे बसला आहे. त्याच्यापुढे मायक्रोफोन आहेत, बाजूला मोठे लाउडस्पीकर आहेत. त्याच्या बोटांचा प्रत्येक स्पर्श विजेत रूपांतरित होऊन शेवटच्या रांगेपर्यंत जातो आहे. आणि शेवटच्या रांगेतला विद्यार्थी धन्य होऊन म्हणतो आहे, की विजेपूर्वीचे संगीत हे असे होते! वीज दोन्हीकडे होती. मॅक्सवेल स्ट्रीटवर ती वादकाच्या हातात होती. न्यूपोर्टला ती आयोजकाच्या हातात होती. पहिली दिसत असे म्हणून तिला भेसळ म्हटले गेले. दुसरी दिसत नव्हती म्हणून तिला शुद्धता म्हटले गेले.

अस्सलपणाच्या या मागणीचे सर्वांत नाट्यमय दृश्य मात्र अमेरिकेत नव्हे, तर इंग्लंडमध्ये उभे राहिले. ७ मे १९६४ रोजी ग्रॅनडा दूरचित्रवाणीने मँचेस्टरमधील विल्ब्रॅहम रोड या बंद पडलेल्या रेल्वे स्थानकावर एक मैफल योजली. स्थानकाला दक्षिण अमेरिकी संस्थानांतल्या एखाद्या जुनाट ठाण्याचे रूप दिले होते: खोकी, पोती, झुलती खुर्ची, भित्तिपत्रके, एवढेच काय पण बकरी आणि कोंबड्यासुद्धा. श्रोते खास गाडीने आणले गेले आणि एका फलाटावर बसले. कलावंत रुळांपलीकडच्या फलाटावर. मडी वॉटर्स होता, सनी टेरी आणि ब्राउनी मॅगी होते, आणि सिस्टर रोझेटा थार्प होती. १९५८ मध्ये मडी प्रथम इंग्लंडला आला तेव्हा त्याच्या गिटारीच्या कर्कशपणाने तिथले काही समीक्षक दचकले होते. १९६३ मध्ये तो त्यांच्या आवडीची लाकडी गिटार घेऊन आला, तर तोवर तरुण श्रोत्यांना विजेचीच चटक लागलेली. कलावंताने श्रोत्याच्या कल्पनेमागे धावावे आणि ती दर वेळी पुढे सरकावी, असा हा खेळ.

रोझेटा थार्पचा जन्म १९१५ चा, आर्कन्सॉमधल्या कॉटन प्लँट गावचा. ती मूळची भक्तिगीते गाणारी. पण तिची गिटार ब्लूजचीच भाषा बोले. कार्यक्रमाच्या वेळी पाऊस पडत होता. ती घोडागाडीतून उतरली, ओल्या फलाटावरून चालत गेली, पांढरी विजेची गिटार गळ्यात अडकवली आणि पावसाला साजेसे, नोहाच्या महापुराचे गाणे निवडून गायली. भोवतीचे सगळे नेपथ्य भूतकाळाचे होते. तिच्या हातातले वाद्य मात्र निखळ वर्तमानकाळाचे होते. त्या चित्रणात तिचा डावा हात गिटारीच्या पट्टीवर सरसर चढतो तेव्हा बकरी, पोती, झुलती खुर्ची हे सारे क्षुल्लक होऊन जाते.

आणि हे तिचे पहिले मैदान नव्हते. ३ जुलै १९५१ रोजी वॉशिंग्टनच्या ग्रिफिथ स्टेडियममध्ये तिने तिकीट लावून स्वतःचा विवाह केला होता आणि त्यानंतर वधूवेशातच विजेची गिटार वाजवत मैफल केली होती. वीस हजारांवर लोक आले होते, मुख्यतः कृष्णवर्णीय. त्यांना तिच्याकडून कापसाच्या गाठी आणि कोंबड्यांची अपेक्षा नव्हती. त्यांना वैभव हवे होते आणि ते तिने भरभरून दिले. तेरा वर्षांच्या अंतराने झालेल्या या दोन मैफली शेजारी ठेवल्या, तर अस्सलपणा ही ऐकणाऱ्याची गरज असते, गाणाऱ्याची नव्हे, हे वेगळे सिद्ध करावे लागत नाही.

१९६५ च्या न्यूपोर्ट महोत्सवात हा सुप्त वाद उघड्यावर आला. पॉल बटरफील्ड या गोऱ्या हार्मोनिकावादकाचा संच विजेची वाद्ये घेऊन आला होता. ब्लूजच्या सत्रात त्यांची ओळख करून देण्याचे काम अ‍ॅलन लोमॅक्सकडे आले; चोवीस वर्षांपूर्वी मडीचे मुद्रण करणारा हाच तो लोमॅक्स. पूर्वीचा शेतकरी खोक्याला तारा बांधून झाडाच्या सावलीत बसून गात असे, आणि या मंडळींना मात्र एवढी यंत्रसामग्री लागते, अशा आशयाचे तो काही तिरकस बोलला. मंचावरून उतरल्यावर व्यवस्थापक अल्बर्ट ग्रॉसमन आणि तो यांची अक्षरशः झटापट झाली. दुसऱ्या दिवशी, २५ जुलैला, याच संचातल्या काही वादकांना घेऊन बॉब डिलन विजेची गिटार गळ्यात घालून उभा राहिला आणि त्याचा गदारोळ सर्वश्रुत आहे. त्या गदारोळामागे आदल्या दिवशीचा ब्लूजचा प्रसंग झाकला गेला.

लोमॅक्सचे ऋण मोठे आहे. त्याने मुद्रित केले नसते तर कितीतरी आवाज हवेत विरले असते. तरीही त्या दिवशी तो ज्या झाडाकडे बोट दाखवत होता, त्या झाडाखालून मडीसारखी माणसे स्वेच्छेने उठून गेली होती, कारण तिथे सावलीबरोबर कर्ज आणि मळेवाल्याची सत्ताही होती. बटरफील्डच्या संचातले सॅम ले आणि जेरोम आर्नल्ड हे दोघे कृष्णवर्णीय वादक शिकागोच्या हाउलिन वुल्फच्या संचातून आलेले होते. गिटारवादक माइक ब्लूमफील्ड मॅक्सवेल स्ट्रीटवर घडलेला. १९६४ मध्ये नाइटहॉकची मुलाखत त्यानेच घेतली होती. लोमॅक्सला जी यंत्रसामग्री परकी वाटली ती बाजारच्या पदपथावरून, ब्लूजच्याच मोकळ्या आभाळाखालून आलेली होती.

यानंतर मैदाने बदलत गेली. १९७८ मध्ये मिसिसिपीतल्या ग्रीनव्हिलजवळ, फ्रीडम व्हिलेज या नागरी हक्कांच्या चळवळीतून उभ्या राहिलेल्या वस्तीवर, एका कृष्णवर्णीय समाजसंघटनेने डेल्टा ब्लूज महोत्सव सुरू केला. मंच म्हणजे मालवाहू गाडीचा सपाट सांगाडा. ज्या मातीतून हे गाणे निघाले त्याच मातीत, तिथल्याच लोकांनी भरवलेली ही मैफल होती. तिथे वाद्यात वीज असावी की नसावी हा प्रश्न दुय्यम होता. जमीन कोणाची, मंच कोणाचा आणि समोर बसलेले कोण, हे प्रश्न पहिले होते.

शिकागो शहरानेही १९८४ पासून, म्हणजे मडीच्या मृत्यूनंतरच्या वर्षापासून, सार्वजनिक उद्यानात विनामूल्य ब्लूज महोत्सव भरवण्यास सुरुवात केली. मोठा मंच, उत्तम ध्वनियोजना, हिरवळीवर बसलेले हजारो लोक. आणि त्याच शहरात १९९४ मध्ये विद्यापीठाच्या विस्तारासाठी मॅक्सवेल स्ट्रीटचा बाजार तिथून उठवला गेला. बाजार दुसऱ्या रस्त्यावर गेला, जुन्या इमारतींपैकी बहुतेक पुढे पडल्या. खिडकीतून तार बाहेर काढून देणारी दुकाने त्यांतच होती. संगीताचे जतन करायचे म्हणजे त्याचा उत्सव करायचा, की ते जिथे उगवते ती जागा राखायची, हा प्रश्न शिकागोने आपल्यापुरता असा सोडवला. लोककलेचा अभ्यास करणाऱ्यांनी निदान एवढे करावे: मंचावरच्या कलावंताकडे पाहताना त्याची तार कोठून आली आहे, आणि तिचे दुसरे टोक कोणाच्या हातात आहे, याची चौकशी करावी.